गावात बाग आणि मैदान उभं करायचंय? आधी तिसऱ्या उन्हाळ्याचा विचार करा

गावात नवी बाग झाली की पहिलं वर्ष कौतुकात जातं. दुसऱ्या वर्षी झोपाळ्याची एक साखळी तुटते आणि ती कुणी बदलायची हे ठरलेलं नसतं. तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर येईनासा होतो, हिरवळ करपते, कुंपणाच्या वाकलेल्या कोपऱ्यातून शेळ्या आत शिरतात. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे काँग्रेस गवत कमरेएवढं उभं असतं. अशा बागा आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. पैसा खर्ची पडला, फलक लागला, आणि मुलं पुन्हा रस्त्यावरच खेळतायत.

नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, तरुण मंडळं, बचत गटातल्या ताई, निवृत्तीनंतर गावी परतलेले शिक्षक यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाग बांधणं अवघड नाही, ती जगवणं अवघड आहे. म्हणून जागा निवडताना, झाडं ठरवताना, खेळणी घेताना एकच प्रश्न विचारत राहा: तिसऱ्या उन्हाळ्यात याचं काय होणार? उत्तर देता आलं नाही तर ती गोष्ट आराखड्यातून काढा.

पहिली पायरी: गाव आत्ता कुठे बसतं ते बघा

कोणतंही गाव कोऱ्या पाटीवर नसतं. पार असतो, देवळापुढचं पटांगण असतं, तालीम असते, यात्रेचं मैदान, शाळेचं ग्राउंड, नदीचा घाट असतो. नवी जागा शोधण्याआधी आठवडाभर या जागांवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि जेवणानंतर चक्कर मारा. कोण दिसतं ते लिहा. त्याहून महत्त्वाचं, कोण दिसत नाही तेही लिहा.

बहुतेक गावांत पारावर पुरुष असतात, मैदानावर क्रिकेट खेळणारे तरुण असतात. सातवी-आठवीनंतरच्या मुली कुठे खेळतात? बायका पाणी-स्वयंपाक उरकल्यावर घटकाभर कुठे टेकतात? म्हाताऱ्या आजींना उंबरठ्याबाहेर बसायला जागा आहे का? गावाला बाग हवी की नको, आणि हवी तर कशी, हे या प्रश्नांवरून कळतं. अनेकदा असंही दिसतं की नवी बाग नकोच आहे. पाराचा ढासळलेला कट्टा बांधला, शाळेचं मैदान सपाट करून त्याचा उतार नीट काढला आणि दोन ठिकाणी दिवे लावले की निम्मं काम होतं. ते कमी खर्चाचं आहे म्हणून कमी मोलाचं समजू नका.

जागा कोणत्या वस्तीला लागून आहे हेही याच वेळी बघा. गावठाणाच्या एका टोकाला, एकाच भावकीच्या घरांमधून वाट काढत जावं लागेल अशी बाग कागदावर सार्वजनिक असली तरी सगळ्यांची होत नाही. दलितवस्तीतलं, पारधी पालावरचं, ऊसतोड कामगाराचं मूल कुणालाही न विचारता आत येऊ शकेल का, याचं उत्तर ‘हो’ असेल तीच जागा चांगली. बाजाराची वाट, शाळेची वाट, दवाखान्याची वाट जिथे एकत्र येते, त्या परिसरातली पाच गुंठेसुद्धा माळावरच्या एकरापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: जागेचे कागद

इथे घाई करू नका. बागेची बहुतेक भांडणं जमिनीच्या कागदावरून होतात, आणि ती बांधकाम झाल्यावर सुरू होतात.

गावात जागा साधारण पाच प्रकारे मिळते.

गावठाणातली मोकळी जागा सगळ्यात सोपी. ती ग्रामपंचायतीच्या जमिनीच्या नोंदवहीत आहे का ते पाहा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाचं ड्रोनने सर्वेक्षण झालं असेल तर मालमत्ता पत्रकावर आणि नकाशावर ती जागा कशी दाखवली आहे ते तपासा. चुकून कुणा शेजाऱ्याच्या नावे लागली असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या.

शाळेचं मैदान ही दुसरी जागा, आणि माझ्या मते लहान गावासाठी सगळ्यात चांगली. मैदान तयार असतं, कुंपण असतं, मुलं तिथे रोज येतातच. शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांमध्ये ते गावाला खुलं करायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती प्रत्येक सरकारी शाळेत असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी संमती घ्या. किल्ली कुणाकडे, फाटक किती वाजता बंद होणार, काच फुटली तर भरून कोण देणार, हे त्याच कागदावर लिहा.

तिसरी जागा गायरान. इथे जपून. सातबाऱ्यावर गायरान ‘ग्रामपंचायतीकडे’ दिसलं तरी मालकी सरकारची असते, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यावर काही बांधता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हापासून महसूल खातं याबाबत जास्तच काटेकोर आहे. पण कायद्यापलीकडचाही एक विचार आहे. गायरानावर ज्यांची जनावरं चरतात ती बहुतेक भूमिहीन कुटुंबं असतात, काही ठिकाणी तीच कुटुंबं वर्षानुवर्षं तो तुकडा कसून पोट भरतात. त्यांना हुसकून केलेली बाग गावाला लाभत नाही. गायरान घ्यायचंच असेल तर कोपऱ्यातला लहान तुकडा घ्या आणि चराईची वाट अडवू नका.

चौथी, लेआउटमधली खुली जागा. नगरपंचायत किंवा तालुक्याच्या गावालगत बिनशेती प्लॉट पडले असतील तर मंजूर रेखांकनाचा नकाशा मागवा. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. ही जागा नकाशात असते, प्रत्यक्षात तिथे कुणाचा तरी विटांचा ढीग किंवा पार्किंग असतं. नकाशाची प्रत हातात असेल तर अर्धी लढाई जिंकलेली असते.

पाचवी, दान. कुणी वडिलांच्या नावे दोन-पाच गुंठे देऊ करतं. त्या मनाचा मान राखा, पण तोंडी शब्दावर एक वीटही रचू नका. पुढच्या पिढीतले वारस येतात आणि हिस्सा मागतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बक्षीसपत्र, त्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आणि त्यानंतर सातबाऱ्यावर फेरफार, एवढं झाल्यावरच जागा गावाची. जमीन शेतीची असेल तर तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचा, अडसर येतो का हे आधीच तलाठ्यांना विचारा. (आता त्यांचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. अर्जावर नवी नावं लिहा.)

जागा कोणतीही असो, मोजणी करूनच घ्या. उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात ई-मोजणीचा अर्ज करा, मोजणीच्या दिवशी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना हजर ठेवा आणि खुणांचे दगड त्याच दिवशी सिमेंटमध्ये बसवा. जागा नदी-ओढ्याकाठी असेल तर पाटबंधारे खात्याने आखलेली पूररेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, मैदान आणि झाडं चालतात, पक्कं बांधकाम नको. वरून उच्च दाबाची वीजवाहिनी जात असेल किंवा बाजूला कठडा नसलेली विहीर असेल, तर ती अडचण सुटेपर्यंत मुलांची जागा तिथे करू नका.

तिसरी पायरी: ग्रामसभेचा ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, म्हणून बागेचा विषय तेव्हाच मांडा. नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवलेला ठराव पुढे कच्चा ठरतो.

गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरली जायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. शंभर माणसं जमवणं तुमचं काम. घरोघरी जा. आणि ग्रामसभेआधीची महिला ग्रामसभा कागदोपत्री उरकू देऊ नका. तिथे आलेल्या मागण्या वेगळ्या असतात: स्वच्छतागृह, अंधार नको, बाकं फाटकातून दिसतील अशी, दारू पिणारे बसू नयेत अशी. याच मागण्यांवर बाग चालते की नाही ते ठरतं, म्हणून त्या इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्या.

ठरावाचा नमुना असा ठेवता येईल:

“मौजे ______ येथील गट/सिटी सर्व्हे क्र. ____ मधील ____ चौ.मी. जागा सार्वजनिक उद्यान व क्रीडांगणासाठी राखून ठेवावी. जागेची मोजणी करून हद्द कायम करावी. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे. देखभालीसाठी ग्रामनिधीतून दरवर्षी रु. ____ तरतूद करावी. देखभालीसाठी ____ सदस्यांची समिती नेमावी, त्यात निम्म्या महिला व एक दिव्यांग सदस्य असावा. सदर जागेचा अन्य कारणासाठी वापर ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय करू नये. सूचक: ______ अनुमोदक: ______”

देखभालीच्या तरतुदीचं आणि शेवटचं ‘अन्य कारणासाठी’ हे वाक्य गाळू नका. मोकळी जागा दिसली की तिथे समाजमंदिर, गाळे, पाण्याची टाकी बांधायच्या सूचना येतात. सार्वजनिक जागेत नवं विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच दिले आहेत. पण गावात त्यावरून वाद होण्याआधीच ठरावाची भिंत उभी असलेली बरी. बागेला नाव कुणाचं द्यायचं हा विषय मात्र पहिल्या ग्रामसभेत काढू नका. चांगलं चाललेलं काम नावावरून अडलेलं मी पाहिलं आहे. बाग होऊ द्या, मुलं येऊ द्या, नावाचं नंतर बघू.

चौथी पायरी: पैसा

एकाच निधीवर विसंबू नका. वित्त आयोगाच्या अनुदानातला अबंधित (ठरावीक कामालाच बांधलेला नसलेला) भाग, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, जिल्हा नियोजन समिती, ग्रामविकास विभागाचा ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५ या लेखाशीर्षाखालचा निधी), जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडची क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास योजना, जवळच्या कारखान्याचा सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामांसाठीचा निधी) असे बरेच मार्ग आहेत. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. स्वच्छतागृह, रॅम्प, मुलांची खेळणी यातलं काय त्यात बसतं ते गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. खड्डे, वृक्षलागवड आणि सपाटीकरण रोजगार हमीतून करता येतं का, ते पंचायत समितीत विचारा.

क्रम लक्षात ठेवा: पंचायत समितीच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. हा क्रम उलटा झाला तर बिल अडकतं आणि ठेकेदार काम अर्धवट टाकून जातो.

लोकवर्गणी घ्याच, रक्कम लहान असली तरी चालेल. ज्याने पन्नास रुपये आणि अर्धा दिवस श्रमदान दिलं, तो बागेतल्या नळाची तोटी चोरीला गेली की गप्प बसत नाही. पावती मात्र प्रत्येकाला द्या आणि हिशेब फळ्यावर लावा.

मिळालेला सगळा पैसा बांधकामात घालवू नका. खेळणी, दिवे, पंप यांची दुरुस्ती निघणारच. पहिल्या वर्षापासून ग्रामनिधीत त्यासाठी वेगळी रक्कम दिसली पाहिजे. ती जमत नसेल तर एक खेळणं कमी घ्या.

पाचवी पायरी: आखणी

दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर. एवढ्या जागेत काय मावतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून आराखड्यावर सगळंच काढलं जातं आणि प्रत्यक्षात काहीच नीट होत नाही. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. खो-खोचं २७ बाय १६, म्हणजे मोकळी बाजू धरली तर दहा गुंठ्यांतला निम्म्याहून जास्त भाग त्यातच गेला. प्रत्येक मैदानाभोवती दोन-तीन मीटर मोकळी जागा सोडावी लागते. त्यामुळे दहा गुंठ्यांत एक मैदान, लहान मुलांचा कोपरा, कडेने चालायची वाट आणि बसायची सावली, एवढंच धरा. जागा चौकोनी असेल तर कडेची वाट सव्वाशे मीटरच्या आसपास भरते. आठ फेऱ्यांत एक किलोमीटर होतो, ज्येष्ठांना तेवढं पुरतं.

मैदानाची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांवर ऊन येतं. कबड्डीसाठी माती हवी, फरशी किंवा काँक्रीट नको. पाणी साचू नये म्हणून मधून कडेला हलका उतार द्या आणि कडेचा चर जिथे पाणी जिरेल तिथपर्यंत न्या.

लहान मुलांचा कोपरा आणि बसायची बाकं समोरासमोर ठेवा, म्हणजे आई-आजीचं लक्ष राहतं. उंच भिंत बांधू नका. बाहेरून आतलं दिसेल अशी जाळी बरी, कारण आडोसा झाला की संध्याकाळनंतर तिथे वेगळीच मंडळी बसू लागतात. फाटकापासून बाकांपर्यंत एक वाट तरी पायऱ्यांशिवाय हवी. रॅम्पचा चढ बारा फुटांना एक फूट यापेक्षा जास्त नको. मोटारसायकल आत येऊ नये म्हणून खांब रोवाल तेव्हा त्यातून चाकाची खुर्ची जाईल एवढं, किमान ९० सेंटिमीटर, अंतर सोडा.

सहावी पायरी: पाणी आणि झाडं

हिरवळीचा मोह आधी बाजूला ठेवा. उन्हाळ्यात एक चौरस मीटर लॉनला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. पाचशे चौरस मीटरला अडीच हजार लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे ती हिरवळ पंचेचाळीस माणसांचं पाणी पिते. ज्या गावात एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन उभ्या राहतात, तिथे हे पटण्यासारखं नाही, आणि गावकरी ते पाणी बंद करतील तेव्हा त्यांचं बरोबरच असेल. त्याऐवजी सावली वाढवा. शंभर झाडांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर दिलं तरी आठवड्याला चार हजार लिटर होतात. ते एका ट्रॅक्टर-टँकरचं काम आहे, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तेही लागत नाही.

जवळच्या घरांचं किंवा सार्वजनिक नळाचं सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल तर त्याच्या बाजूला केळी, कर्दळ, अळू लावा. झाडाच्या बुंध्याशी पुरलेलं मडकं अजूनही सगळ्यात स्वस्त ठिबक आहे.

खड्डे एप्रिल-मेमध्येच काढा, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, आणि ऊन लागू द्या. चांगले दोन पाऊस झाले की जूनअखेर ते जुलैमध्ये लावा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घ्या, पण वीतभर रोपं घेऊ नका. पाच-सहा फुटांची, जाड बुंध्याची रोपं कमी आणली तरी जास्त जगतात. हजार रोपांचा फोटो छान येतो, जगतात किती ते पुढच्या जूनमध्ये मोजा. ‘वृक्ष नोंदवही’ ग्रामपंचायतीत असतेच, तिच्यात प्रत्येक झाड नाव आणि जागेसह लिहा.

कोणती झाडं? वड, पिंपळ, उंबर एखादंच, कडेला, कारण मुळं लांब जातात. सावलीसाठी कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ. फुलांसाठी बहावा, पळस, कांचन, काटेसावर, आणि आपल्या राज्याचं फूल ज्याचं ते ताम्हण. कोकणात पाऊस भरपूर, तिथे सुरंगी, बकुळ, उंडी यांचा विचार करा. मराठवाड्यात माती उथळ असेल तर कडुनिंब आणि करंजावर भर द्या. गुलमोहर आणि रेनट्री लवकर वाढतात, पण वादळात त्यांच्या फांद्या मोडतात, मुलांच्या डोक्यावर त्या नकोत. सुबाभूळ आपोआप पसरते आणि आवरत नाही. कोनोकार्पस सध्या रोपवाटिकावाले आग्रहाने देतात, ते टाळा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

मुलांच्या कोपऱ्याजवळ कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंजेचा वेल लावू नका. बिट्टीचं फळ आणि गुंजेचा लाल दाणा दिसायला गोड, पोटात गेला तर जीवघेणा.

आणि शेळ्या. गावातल्या बागेची खरी परीक्षा त्याच घेतात. तारेच्या कुंपणाला आतून अडुळसा आणि निर्गुडीची दाट रांग लावा, शेळी त्यांना सहसा तोंड लावत नाही. पहिली तीन वर्षं प्रत्येक रोपाला संरक्षक जाळी हवीच. चराईबंदीचा ठराव करायचा असेल तर गुराखी कुटुंबांना दुसरी जागा दाखवूनच करा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी टिकली, कारण गावाने ती स्वतः बसून ठरवली होती, वरून हुकूम आला नव्हता.

सातवी पायरी: खेळणी

दुकानदार कॅटलॉग दाखवतो तेव्हा रंगांकडे बघू नका. पडल्यावर मूल कशावर पडेल ते बघा. मुलांच्या गंभीर दुखापती बहुतेक खेळण्यावरून पडूनच होतात, तरीही आपल्याकडे घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक बसवतात. मुरूमही नको, पावसानंतर तो दगडासारखा घट्ट होतो. किमान एक फूट जाड वाळूचा थर द्या, त्याला कडेने बांध घाला आणि महिन्यातून एकदा फावड्याने सैल करा. खेळण्यांच्या पायाचं काँक्रीट वाळूच्या खाली बुडलेलं असावं. प्रत्येक खेळण्याभोवती सहा फूट मोकळी जागा ठेवा. झोपाळ्याला पुढे आणि मागे, त्याच्या आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट. म्हणजे दांडी सात फुटांवर असेल तर दोन्हीकडे चौदा फूट. त्या पट्ट्यातून चालायची वाट जाऊ देऊ नका.

कठड्याच्या गजांमधलं अंतर पट्टीने मोजा. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीत लहान मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. त्याहून लहान किंवा त्याहून मोठी फट चालते, मधली नको. पत्र्याची घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून आणि झाडाच्या सावलीत बसवा, एप्रिलच्या दुपारी ती पोळते. झोपाळ्याची बैठक लाकडाची किंवा लोखंडाची नको, जाड रबराची घ्या.

महागड्या खेळण्यांइतकंच मोल जमिनीवरच्या गोष्टींना आहे. चिंचेच्या मजबूत फांदीला दोर, वेगवेगळ्या उंचीचे ओंडके, लंगडीची चौकट कोरलेली शहाबादी फरशी, विटी-दांडूला मोकळा पट्टा. बिघडण्यासारखं यात फार काही नाही, आणि गावातल्या सुताराला-गवंड्याला ते करता येतं.

ओपन जिम घ्यायची असेल तर तीन-चारच यंत्रं घ्या. बेअरिंग झिजतात, बोल्ट ढिले होतात, आणि करकरणाऱ्या यंत्राकडे कुणी फिरकत नाही. खरेदीच्या करारात तीन वर्षांची दुरुस्ती आणि सुटे भाग लिहून घ्या, शेवटचा हप्ता थोडा राखून ठेवा. गावात जुनी तालीम असेल तर तिची माती बदलून, छप्पर दुरुस्त करून आणि मुलींसाठी वेगळी वेळ देऊन ती पुन्हा सुरू करणं जास्त शहाणपणाचं.

आठवी पायरी: वापर आणि देखभाल

मैदान सगळ्यांचं म्हटलं की जो जोरात ओरडतो त्याचं होतं. क्रिकेटचा एक डाव लागला की बाकी कुणाला पाय ठेवता येत नाही, आणि मुली तर कडेलासुद्धा उभ्या राहत नाहीत. म्हणून वेळापत्रक करा आणि फाटकावर रंगवा: सकाळी चालणारे, शाळा सुटल्यावर लहान मुलं, साडेपाच ते साडेसहा मुलींची खो-खो-कबड्डी, त्यानंतर इतर. मुलींच्या वेळेला शाळेतल्या बाई किंवा एखादी माजी खेळाडू ताई हजर राहील असं बघा. महिनाभर कुणीतरी ती वेळ राखली की पुढे सवय लागते. स्वच्छतागृहाशिवाय मात्र हे जमणार नाही. पाणी आणि आतून लागणारी कडी, दोन्ही हवं.

लग्नाचे मांडव, गणपती, यात्रा यांना मैदान द्यायचं की नाही हे आधीच ठरवा. द्यायचं असेल तर अनामत रक्कम घ्या आणि मांडवाच्या खांबांसाठी कडेने लोखंडी नळ्या कायमच्या पुरून ठेवा, म्हणजे दरवेळी पहारीने खड्डे पडत नाहीत.

रोजचं काम एका माणसाला पगारावर द्या. ‘सगळे मिळून करू’ हे पहिल्या पावसापर्यंत चालतं. बचत गटाला वार्षिक करारावर काम दिलं तर झाडलोट, पाणी आणि फाटकाची किल्ली एकाच ठिकाणी राहते, आणि त्या पैशाने दोन घरं चालतात. गटाला फाटकाशी चहाची टपरी लावू दिली तर संध्याकाळी तिथे सतत माणसं असतात आणि जागेवर नजरही राहते.

समितीने वर्षाचं कॅलेंडर करावं. दर महिन्याला साखळ्या, बोल्ट, गज हाताने हलवून पाहणं. मेअखेर चर साफ करणं, वाळलेल्या फांद्या उतरवणं, दिव्यांच्या वायरी तपासणं. ऑगस्टमध्ये काँग्रेस गवत फुलोऱ्यावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटणं. दिवाळीनंतर रंग आणि जाळीची दुरुस्ती. फेब्रुवारीत उन्हाळ्याच्या पाण्याचा बंदोबस्त: कोणाची विहीर, कोणाचा टँकर, किती दिवसांनी. मोडलेलं खेळणं दुरुस्त होईपर्यंत दोरीने बांधून बंद ठेवायचं, तसंच सोडायचं नाही. फाटकावर समितीतल्या दोघांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात असावेत, आणि ते दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत जमा-खर्च वाचल्यावर, समिती बदलली असेल तर त्याच दिवशी, नव्याने रंगवावेत.